मांजराचा वाटा

लंडनमध्ये फ्लीट स्ट्रीटच्या मागच्या बोळांतून आत गेलं की गफ स्क्वेअर नावाचा छोटासा चौक लागतो. तिथल्या १७ क्रमांकाच्या घरात सॅम्युएल जॉन्सनने आपला इंग्रजी शब्दकोश रचला. घरासमोर ब्राँझचं एक मांजर आहे. ते त्या कोशावरच बसलंय, आणि पुढ्यात कालवांचे रिकामे शिंपले पडलेत. येणारेजाणारे त्या शिंपल्यांत नाणी टाकतात, मांजराच्या पाठीवरून हात फिरवतात. हा हॉज, जॉन्सनचा बोका. पुतळा बसवला १९९७ साली. हॉजला जाऊन तोवर दोनशेहून अधिक वर्षं झाली होती.

जॉन्सनचा चरित्रकार जेम्स बॉस्वेल याला मांजरांचं वावडं होतं. खोलीत मांजर असलं की त्याला चैन पडत नसे. तरीही १७९१ साली निघालेल्या त्या प्रचंड चरित्रात त्याने हॉजसाठी जागा ठेवली. एके दिवशी हॉज जॉन्सनच्या छातीवर चढत होता. जॉन्सन हसत, अर्धवट शीळ घालत त्याची पाठ खाजवत होता, शेपूट ओढत होता. मांजर छान आहे, असं बॉस्वेल म्हणाला. यावर जॉन्सनने सांगितलं की, याच्याहून आवडती मांजरं माझ्याकडे होऊन गेलीत. पण हे ऐकून हॉजचं तोंड उतरलं असं वाटून त्याने लगेच बाजू सावरली, आणि हाही फार गुणी बोका आहे, अशी त्याची समजूत काढली. ज्याच्या जिभेला सारं लंडन टरकून असे, तो माणूस बोक्याचं मन मोडू नये म्हणून शब्द मागे घेत होता.

याहून मोलाची गोष्ट कालवांची आहे. हॉज म्हातारा झाला, आजारी पडला, आणि कालवांखेरीज काही खाईना. त्या काळी लंडनमध्ये कालवं ही गरिबाची मासळी, स्वस्त आणि मुबलक. ती आणायला जॉन्सन स्वतः बाजारात जात असे. घरात नोकर असताना स्वतः का? बॉस्वेल सांगतो की, मांजरासाठी खेटे घालावे लागले तर नोकर त्या मुक्या जिवावर राग काढतील, ही जॉन्सनला धास्ती. जॉन्सनची मैत्रीण हेस्टर थ्रेल हिने दुसरं कारण नोंदवलंय. फ्रान्सिस बार्बर या नोकराला, एका चतुष्पादाच्या सोयीसाठी आपल्याला राबवलं जातंय, असं वाटून अपमान वाटू नये, म्हणून.

हा फ्रान्सिस बार्बर जमैकात गुलामगिरीत जन्मलेला कृष्णवर्णीय मुलगा. तो १७५२ साली जॉन्सनच्या घरी आला. जॉन्सनने त्याला शाळेत घातलं, आणि १७८४ साली मरताना वर्षाला ७० पौंडांची तजवीज करून उरलेल्या मिळकतीचा बराचसा भाग त्याच्याच नावे केला. लंडनमधल्या प्रतिष्ठितांच्या भुवया तेव्हा उंचावल्या होत्या. मला वाटतं, बॉस्वेल आणि थ्रेलबाई दोघांनी सांगितलेली कारणं खरी आहेत. मांजराला दुखवायचं नाही आणि माणसालाही कमी लेखायचं नाही, या दोन्ही गोष्टी एकदम सांभाळायच्या तर एकच वाट उरते, ती म्हणजे स्वतः उठायचं आणि पिशवी घेऊन बाजार गाठायचा.

मोठ्या माणसांच्या मांजरांच्या गोष्टी हौसेने सांगितल्या जातात. कुणाकडे किती होती, कुणी काय नावं ठेवली, कोणती टेबलावर झोपायची. त्यांतल्या पुष्कळ गोष्टी नंतर रचलेल्या असतात. इटालियन कवी पेत्रार्कच्या घरात दाखवतात ते वाळवलेलं मांजर त्याच्या मृत्यूनंतर काही शतकांनी तिथे आलं. मला या साऱ्यात एकच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. मांजराच्या पुढ्यात काय पडलं, आणि ते कुणाच्या हाताने पडलं? संताचा किंवा लेखकाचा जीव कुठे आणि किती मोकळा होता, ते मला त्यावरून जास्त कळतं.

दक्षिणेश्वरचं कालीमंदिर राणी रासमणीने १८५५ साली उभारलं. तिथे पूजा करणारे तरुण रामकृष्ण एका काळात अशा अवस्थेत होते की त्यांना सगळीकडे जगन्माताच दिसे. देवीच्या भोगासाठी तळलेल्या लुच्या, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, तयार होत्या. एक मांजर आलं. रामकृष्णांनी त्या लुच्या त्याला खाऊ घातल्या. देवळाच्या खजांचीने हे पाहिलं आणि राणीचे जावई मथुरबाबू यांना चिठ्ठी लिहिली की भट्टाचार्य, म्हणजे रामकृष्ण, देवीचा नैवेद्य मांजराला घालतायत. खजांचीचं काही चुकलं नव्हतं. देवीच्या नैवेद्याचा हिशेब ठेवणं हेच त्याचं काम. मथुरबाबूंनी उलट कळवलं की ते करतील ते करू द्या, त्यांना काही बोलू नका. पुढे रामकृष्णांनी ही हकीकत भक्तांना स्वतः सांगितली, आणि त्यांचे शिष्य महेंद्रनाथ गुप्त यांनी ती 'कथामृता'त उतरवून ठेवली.

या प्रसंगात रामकृष्णांना मांजराची दया आली, असं कुणी म्हणेल तर ते अपुरं आहे. दया वरून खाली येते. भुकेल्या मांजराला शिळंपाकं घालणारी घरं आपल्याकडे कमी नाहीत. इथे ताट देवीचं होतं आणि देवीलाच वाढलं गेलं. ती त्या दिवशी चार पायांवर आली, एवढंच.

हे करायला धैर्य लागतं, कारण आपल्या परंपरेत मांजराची पत फार खालावलेली आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात दुर्योधन उलूकाकरवी युधिष्ठिराला निरोप धाडतो, त्यात एका बोक्याची गोष्ट आहे. गंगेकाठी हात वर करून तप करणारा बोका. उंदरांनी त्याच्यावर विश्वास टाकला आणि एकेक करून त्याच्या पोटात गेले. तमिळनाडूत मामल्लपुरमच्या प्रचंड शिल्पपटावर, सातव्या शतकात पल्लवांच्या कारागिरांनी तपस्वी बोका कोरला आहे. मागच्या पायांवर उभा, पुढचे पंजे डोक्यावर, पोट आत ओढलेलं, आणि पायाशी उंदीर. वर हाडं निघालेला खरा तपस्वी एका पायावर उभा आहे, आणि खाली हा त्याची नक्कल करतोय. दगडातलं ते मांजर पाहताना कारागिराची नजर किती बारीक होती ते कळतं. ढोंगी व्रत करणाऱ्या ब्राह्मणाला मनुस्मृतीने 'बैडालव्रतिक' ठरवलं आणि त्याला पाणीही देऊ नये असं सांगितलं. आपल्या मराठीतही मांजर डोळे मिटून दूध पितं, उंदराला मांजर साक्ष राहतं आणि आडवं गेलं तर काम बिघडवतं.

याच भूमीत वैष्णवांनी मात्र मांजरीला थेट देवाच्या जागी बसवलं. रामानुजांच्या नंतर श्रीवैष्णवांत वाद उभा राहिला. जीवाने मुक्तीसाठी काही करायचं की नाही? वेदान्तदेशिकांच्या वडकलै पंथाने माकडिणीचं पिल्लू पुढे केलं. आई झेप घेते, पण पिल्लाने तिच्या पोटाला घट्ट धरायला हवं. पिळ्ळै लोकाचार्यांच्या तेन्कलै पंथाने मांजरीचं पिल्लू दाखवलं. ते काहीच धरत नाही. आई मानगूट पकडते आणि नेईल तिथे नेते, पिल्लू अंग सैल सोडून लोंबतं. मर्कटकिशोर आणि मार्जारकिशोर या दोन न्यायांवर दक्षिणेत शतकानुशतकं खल चालला. रामकृष्णही हाच दाखला देत. मांजरीचं पिल्लू फक्त 'म्यांव' करतं. आई त्याला कधी चुलीपाशी ठेवते, कधी मालकाच्या गादीवर, त्याची तक्रार नसते. हे ज्याने पहिल्यांदा टिपलं तो माणूस माजघरात विणीच्या मांजरीजवळ पुष्कळ वेळ बसलेला असणार. नुसत्या पोथ्या वाचून असा दाखला सुचत नाही.

इस्लामी परंपरेत मांजराला याहून सरळ मान आहे. पैगंबरांच्या अंगरख्याच्या बाहीवर मांजर झोपलं आणि त्याला उठवायला नको म्हणून त्यांनी बाही कापली, ही गोष्ट जगभर फिरते. ती प्रमाण हदीसग्रंथांत नाही. तिथे जे आहे ते मला या गोष्टीपेक्षा जास्त मोलाचं वाटतं. पैगंबरांचे सहकारी अबू कतादा वजू, म्हणजे नमाजाआधीची शुद्धी, करायला बसले होते. मांजर आलं, त्यांनी भांडं कलतं केलं, मांजर पोटभर पाणी प्यालं. सून आश्चर्याने बघतेय हे पाहून त्यांनी सांगितलं की मांजर अपवित्र नाही, ते तुमच्यात वावरणाऱ्यांपैकी आहे, असं पैगंबरांनी म्हटलंय. धर्मशास्त्राचा नियम आहे हा, घरगुती आणि कामाचा. प्रार्थनेसाठी भरलेल्या भांड्यात मांजराने तोंड घातलं तरी प्रार्थना बाटत नाही. दुसऱ्या हदीसमध्ये एका बाईला नरक मिळाला, कारण तिने मांजर कोंडून ठेवलं, खायला घातलं नाही, आणि बाहेर सोडून त्याला आपलं भक्ष्य आपण शोधू दिलं नाही. या हदीसमधला दुसरा भाग माझ्या मनात रुतून बसलाय. पोसणार नसाल तर निदान दार उघडा.

अकराव्या शतकात कैरोमध्ये ताहिर इब्न बाबशाध नावाचा नामांकित व्याकरणकार होता. सरकारी दफ्तरातला मजकूर तपासण्याची चांगली पगाराची नोकरी. एकदा तो स्नेह्यांबरोबर मशिदीच्या गच्चीवर जेवत होता. एक मांजर येऊन घास घेऊन जाई, पुन्हा येई, पुन्हा घास नेई. एवढं एकटं खात नसणार, म्हणून मंडळी मागोमाग गेली, तर ते मांजर एका आंधळ्या मांजरापुढे घास नेऊन ठेवत होतं. बाबशाधने नोकरी सोडली. या जिवाची सोय ज्याने केली तो माझीही करील, असं म्हणत त्याने उरलेलं आयुष्य देवावर हवाला ठेवून काढलं. मांजरीचा दाखला देणारे श्रीरंगमचे आचार्य आणि कैरोचा हा पंडित एकमेकांना ओळखत नव्हते. शरणागतीचा धडा दोघांनाही मांजराकडूनच मिळाला.

मांजर विरक्ताची कसोटीही घेतं. युरोपातल्या संतकथांत एक संन्यासी आहे. सर्वस्व टाकलेला, जवळ फक्त एक मांजर. स्वर्गात माझी जागा कुणाच्या बरोबरीने, असं त्याने देवाला विचारलं. उत्तर आलं, पोप ग्रेगरीच्या. तो खट्टू झाला; एवढ्या ऐश्वर्यात लोळणाऱ्या पोपच्या पंक्तीला मी? तेव्हा त्याला ऐकू आलं की ग्रेगरीचा जीव त्याच्या सगळ्या दौलतीत जेवढा नाही, तेवढा तुझा या मांजरात आहे. रामकृष्णांची लंगोटीची गोष्ट याच घराण्यातली. साधूची लंगोटी उंदरांनी कुरतडली, म्हणून त्याने मांजर पाळलं. मांजराला दूध हवं म्हणून गाय आणली, गाईला वैरण हवी म्हणून शेत केलं, आणि बघता बघता गोसाव्याचा संसार झाला. ज्यांनी नैवेद्य मांजराला घातला, तेच ही गोष्ट सांगत. यात मला विसंगती दिसत नाही. लंगोटीवाल्याचं मांजर त्याच्या मालकीचं होतं. दक्षिणेश्वरचं मांजर कुणाच्याच मालकीचं नव्हतं.

मठांनी यावर व्यवहारी तोड काढली. तेराव्या शतकात इंग्लंडमध्ये कोठडीत स्वतःला चिणून घेणाऱ्या तपस्विनींसाठी एक आचारग्रंथ लिहिला गेला. त्यात जनावर पाळायला मनाई आहे, अपवाद फक्त मांजराचा. गाय ठेवली की चारा, गुराखी, कोंडवाडा हे सगळं मागे लागतं. मांजराचं तसं नाही. एक्झेटर कॅथीड्रलच्या हिशेबांत तर चौदाव्या-पंधराव्या शतकांत मांजराच्या नावे तिमाहीला १३ पेन्स, म्हणजे आठवड्याला एक पेनी, खर्ची पडलेला आहे. तिथल्या जुन्या घड्याळाखालच्या लाकडी दाराला मांजरापुरतं गोल भोक आजही आहे. घड्याळाच्या दोरांना चरबी लावत, त्या वासाने उंदीर येत, आणि उंदरांसाठी मांजर. वेतन घेणारं, हिशेबात बसणारं मांजर! मला ती वहीतली ओळ फार आवडते, कारण तिथे उपकाराची भाषा नाही. काम आहे, म्हणून वाटा आहे.

कोठडीतला एकांत आणि लेखकाच्या खोलीतला एकांत यांत फारसं अंतर नाही. नवव्या शतकातल्या एका आयरिश भिक्षूने अभ्यासाच्या वहीत पांगुर बान या आपल्या पांढऱ्या मांजरावर कविता लिहून ठेवली. ती वही आज ऑस्ट्रियातल्या सेंट पॉल मठात आहे. मांजर उंदीर शोधतंय, मी अर्थ शोधतोय, दोघं एकमेकांच्या वाटेत येत नाहीत आणि दोघंही आपापल्या कामात सुखी, असा तिचा आशय. इंग्रज कवी ख्रिस्तोफर स्मार्टचा एकांत मात्र लादलेला होता. रस्त्यात गुडघे टेकून प्रार्थना करायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्यालाही करायला लावायचा, म्हणून त्याला वेड्यांच्या इस्पितळात टाकलं. १७५९ ते १७६३ या काळात त्याने तिथे एक लांबलचक स्तोत्र लिहिलं. त्यातल्या ७४ ओळी त्याच्या जेफ्री या मांजराच्या आहेत. सकाळी अंग चाटणं, वळसे घेणं, पंजे तपासणं, यातली एकेक हालचाल त्याने उपासनेचा विधी म्हणून मांडली. वेडा म्हणून कोंडलेल्या माणसाने एका प्राण्याकडे इतकं शांतपणे आणि इतकं अचूक पाहिलं! स्मार्ट १७७१ साली कर्जापायी तुरुंगात मेला. हे स्तोत्र छापलं गेलं १९३९ साली. त्याच्या हयातीत त्याची बाजू घेणाऱ्यांत हॉजचा मालक होता. कुणाहीबरोबर प्रार्थना करीन तशीच स्मार्टबरोबरही करीन, असं जॉन्सनचं म्हणणं होतं.

जपानी कादंबरीकार नात्सुमे सोसेकी याच्या तोक्योतल्या घरात १९०४ साली एक भटकं पिल्लू शिरलं. बायको क्योको त्याला बाहेर काढी, ते पुन्हा आत येई. शेवटी राहू दे म्हणून ते राहिलं. त्याला नाव कधीच ठेवलं नाही. 'मी एक मांजर आहे' ही कादंबरी १९०५-०६ साली एका हायकू-मासिकातून क्रमशः आली. तिचा निवेदक बिननावाचं मांजर, आणि त्याच्या नजरेतून चिरफाड झालेला मास्तर म्हणजे सोसेकीच. कादंबरीने त्याला कीर्ती दिली. ज्या जिवामुळे ती मिळाली, तो मात्र घरात दुर्लक्षित राहिला. १९०८ च्या सप्टेंबरात मांजर गेलं, तेव्हा सोसेकीने शिष्य-स्नेह्यांना मृत्यूची पत्रं धाडली.

पुढच्या वर्षी त्याने त्या मरणावर एक छोटा ललितलेख लिहिला. त्यात स्वतःला कुठेही सूट दिलेली नाही. मांजर खंगत गेलं, ओकू लागलं, घरात कुणी फारसं बघितलं नाही. मेल्यावर मात्र सगळ्यांची धांदल. क्योकोने रिक्षावाल्याकडून खड्डा खणून घेतला, लाकडी फळी आणवली, नवऱ्याला त्यावर लिहायला सांगितलं. मुलांनी फुलं वाहिली, वाटीत पाणी ठेवलं. एका संध्याकाळी चार वर्षांची मुलगी तिथे गेली आणि खेळण्यातल्या पळीने त्या वाटीतलं पाणी काढून प्यायली. तिला ते पाणी मांजराचं म्हणून वेगळं वाटलं नाही. क्योको दर पुण्यतिथीला सामन माशाची एक फोड आणि सुक्या माशाचा कीस घातलेला भात थडग्यावर ठेवी. पितृपक्षात पान मांडणाऱ्या आपल्या घरांना हे समजावून सांगायला नको. जिवंतपणी चुकलेला वाटा मागाहून पोचवायची धडपड आपल्याही ओळखीची आहे.

महाराष्ट्राच्या संतकथांत जनावरं पुष्कळ आहेत. ज्ञानदेवांचा रेडा, भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव, गंगेची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडी रिती करणारे एकनाथ. मांजर या रांगेत नाही. ते भेटतं शिर्डीत, आणि तिथेही कुठल्या चमत्कारात नव्हे, तर रोजच्या जेवणात. साईबाबा पाच घरी भिक्षा मागत. कोरडं झोळीत, पातळ टमरेलात. मशिदीत आल्यावर ते सगळं एका मातीच्या कुंडीत ओतलं जाई. आमटी, ताक, भाजी, भाकरी, सगळं एकत्र. त्या कुंडीत कुत्री, मांजरं, कावळे खुशाल तोंड घालत. बाबांनी कधी कुणाला हाकललं नाही. मशीद झाडणारी बाई त्यातल्याच दहा-बारा भाकऱ्या घरी नेई, आणि तिलाही कुणी अडवलं नाही. गोविंद रघुनाथ दाभोळकर, म्हणजे हेमाडपंत, यांनी 'साईसच्चरिता'त हे बारकाईने नोंदवून ठेवलंय. द्वारकामाईत, म्हणजे त्या मशिदीत, गेलेल्याला तिथला कोळंबा, म्हणजे मातीची कुंडी, पाहायला मिळतो.

आज शिर्डीसारख्या देवस्थानांत अन्नदानाच्या प्रचंड पंगती उठतात, आणि ते काम लहान नाही. पण बाबांच्या कुंडीत आधी कोण आणि नंतर कोण, हा क्रमच नव्हता. झाडूवाली, कावळा, मांजर आणि बाबा एकाच भांड्यात जेवत. जातीजातींच्या पंक्ती वेगळ्या बसण्याच्या त्या काळात नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात हे रोज दुपारी घडत होतं. तर्खड यांच्या पत्नीने शिर्डीत एका भुकेल्या कुत्र्याला भाकरी घातली, तेव्हा तुझ्या भाकरीने मी तृप्त झालो, असं बाबांनी त्यांना सांगितलं. कुत्री, मांजरं, डुकरं, गाई या सगळ्यांत मीच फिरतो, असंही. पुष्कळ भक्त हे वाक्य गोड मानतात आणि पुढे जातात. ते अक्षरशः घ्यावं, असं मला वाटतं. जॉन्सन कालवं आणायला गेला तेव्हा त्यानेही आपल्या परीने ते अक्षरशः घेतलं होतं, आणि त्याच्या धर्मात मांजराला आत्मा आहे की नाही हेही ठरलेलं नव्हतं.

घर चालवणाऱ्या बायकांना हे सगळं अधिक स्वच्छ दिसत असावं, कारण भात किती शिजवायचा हे त्यांनाच ठरवावं लागतं. रामकृष्णांच्या पत्नी सारदादेवी जयरामबाटीला राहत, तेव्हा घरात मांजरं असत. ज्ञान नावाच्या ब्रह्मचाऱ्याला त्यांचा भारी राग. ती चोरून खात, आणि तो त्यांना बडवत असे. चोरणं हा त्यांचा धर्मच, त्यांना प्रेमाने कोण घालणार, असं सारदादेवींचं म्हणणं. एकदा त्या कलकत्त्याला निघाल्या. निघताना त्यांनी ज्ञानला सांगितलं की मांजरांसाठी तांदूळ वेगळे घेत जा, म्हणजे ती दुसऱ्यांच्या घरी जाणार नाहीत. गेली तर लोक शिव्या देतील. एवढ्याने भागणार नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. त्या पुन्हा म्हणाल्या की मांजरांना मारू नकोस, त्यांच्यातही मीच आहे. त्यानंतर ज्ञानने मांजरांवर हात उचलला नाही. तो स्वतः मासे खात नसे, पण मांजरांच्या भातात मासळी कालवून घालू लागला.